‘काळा बेब रूथ’ नव्हे, जोश गिब्सन!

अमेरिकेत बेसबॉल म्हणजे आपल्याकडचे क्रिकेट. तेथील थोर खेळाडूंना लोकांनी टोपणनावे बहाल केली. बेब रूथ या गोऱ्या फलंदाजाला तर थेट ‘सुलतान’ केले. त्याच्या तोडीचा एक कृष्णवर्णीय फलंदाजही होऊन गेला. त्याला काय नाव मिळाले? ‘काळा बेब रूथ’! वरवर गौरव, आत वर्णभेद. तुम्ही कितीही मोठे व्हा, मोजायची फूटपट्टी गोऱ्यांचीच राहील, असा त्या नावाचा अर्थ.

या खेळाडूचे खरे नाव जोश गिब्सन. जन्म २१ डिसेंबर १९११, जॉर्जिया राज्यातील ब्युना व्हिस्टा गावी. बाप पोटासाठी पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात गेला, मागोमाग कुटुंब गेले. १९३० साली जोश ‘होमस्टेड ग्रेज’ संघात आला. त्याच वर्षी जुळ्यांना जन्म देताना त्याची पत्नी हेलन मरण पावली. जोश तेव्हा अवघा १८ वर्षांचा होता.

मोठ्या संघांचे दरवाजे त्याला बंद होते. कृष्णवर्णीयांना घेऊ नये असे कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नव्हते. तो संघमालकांचा आपसातला अलिखित करार होता. बेसबॉलचे आयुक्त लँडिस हे माजी न्यायाधीश. अशी बंदीच नाही, असे १९४२ साली जाहीर सांगून ते मोकळे झाले! वकिली करणाऱ्या आम्हाला हा डाव चांगला परिचयाचा आहे. लिखित बंदीला न्यायालयात आव्हान देता येते. रूढीला ना कलम असते, ना कोणाची सही. आपल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्या कोणत्या कलमाने वसल्या होत्या?

कृष्णवर्णीयांनी १९२० साली स्वतःची निग्रो नॅशनल लीग उभी केली होती. पुढे अशाच लीगमध्ये जोश खेळला. बसने रात्ररात्र प्रवास, हॉटेलात प्रवेश नाही, आणि तरीही चेंडू मैदानापार. कृष्णवर्णीय प्रेक्षकांतले काही जण तर बेब रूथलाच ‘गोरा जोश गिब्सन’ म्हणू लागले. फूटपट्टी उलटवणारे ते स्वाभिमानी उत्तर होते!

१९४३ साली त्याच्या मेंदूत गाठ निघाली. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला. त्यानंतर ८५ दिवसांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगच्या मैदानात उतरला आणि बंदी मोडली. जोशला १९७२ साली ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले, पण १९७५ पर्यंत त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने या जुन्या लीगना बरोबरीचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे आपल्या नोंदवहीत घेतले. जोशची कारकिर्दीतील सरासरी .३७२ भरली, म्हणजे दर हजार संधींत ३७२ यशस्वी फटके. टाय कॉब या गोऱ्या खेळाडूचा जुना विक्रम मागे पडला. हे आकडे आले कोठून? गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी या सामन्यांची फारशी दखल घेतली नव्हती. संशोधकांच्या कामी आली ती मुख्यतः कृष्णवर्णीयांनी चालवलेली वृत्तपत्रे. त्यांच्या जुन्या अंकांतून एकेका सामन्याचा हिशेब जुळवला गेला.

ती लीग स्थापन झाली १३ फेब्रुवारी १९२० रोजी. त्याआधी दोनच आठवडे, ३१ जानेवारीला, बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले होते. आपली नोंद दुसरा कोणी ठेवणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन करणाऱ्या या महामानवालाच पुढे ‘आधुनिक मनू’ हे बिरुद चिकटवले गेले! मनूच्याच मापाने बाबासाहेबांना मोजण्याचा हा प्रकार ‘काळा बेब रूथ’पेक्षा वेगळा कसा?

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. उसनी बिरुदे नाकारा. घरातले चळवळीचे जुने अंक, पत्रके, सभांची इतिवृत्ते रद्दीत घालू नका. जोश गिब्सनला न्याय मिळायला मृत्यूनंतर ७७ वर्षे लागली, आणि तोही जुनी वृत्तपत्रे कोणीतरी जपली म्हणून मिळाला. आपल्या माणसांची नोंद आपणच जपली पाहिजे. जयभीम!