काश्मीरचे बडशाह : सुलतान जैनुल आबिदीन

काश्मीरची शाल आणि कागदाच्या लगद्यापासून केलेल्या रंगीत वस्तू आज जगभर नावाजल्या जातात. या हुन्नरांचा विषय निघाला की काश्मिरी माणूस एका राजाचे नाव आदराने घेतो. ते म्हणजे सुलतान जैनुल आबिदीन. प्रजेने त्यांना ‘बडशाह’, म्हणजे थोर राजा, ही पदवी प्रेमाने दिली.

इ. स. १४२० मध्ये ते तख्तावर स्थिर झाले, तेव्हा राज्याची घडी विस्कटलेली होती. त्यांचे वडील सुलतान सिकंदर यांच्या कारकीर्दीत झालेल्या छळामुळे अनेक विद्वान पंडित घराणी खोरे सोडून गेली होती. जाणता माणूस गाव सोडतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याची विद्याही जाते, हे नव्या सुलतानांनी ओळखले.

राज्याच्या आरंभी त्यांना एक विषारी फोड झाला. श्रीभट्ट नावाच्या वैद्यांनी तो बरा केला. श्रीभट्टांनी स्वतःसाठी काही न मागता आपल्या लोकांसाठी सवलत मागितली, अशी हकीकत सांगतात. सुलतानांनी जिझियाचा भार उतरवला, गेलेल्या कुटुंबांना परत बोलावले आणि पंडितांना दरबारात अधिकाराच्या जागा दिल्या. भीती गेली, तशी माणसे परतली.

मग त्यांनी बाहेरच्या कारागिरांकडे लक्ष वळवले. तरुणपणी आपण समरकंदला राहिल्यामुळे तेथील हुन्नर त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, असे इतिहासकार लिहितात. इराण आणि मध्य आशियातून त्यांनी विणकर, कागद करणारे, पुस्तके बांधणारे असे कसबी लोक आणवले आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय लावली. परंतु परक्या उस्तादांवरच सारा भरवसा ठेवला नाही. कागद बनवणे व पुस्तकबांधणी शिकण्यासाठी त्यांनी काश्मीरचेच लोक समरकंदला पाठवले. शिकून आलेल्यांनी ते काम मायभूमीत सुरू केले. पुढे काश्मिरी कागद हिंदुस्थानभर प्रसिद्ध झाला.

कसब टिकण्यासाठी पोटाला अन्न लागते, म्हणून त्यांनी कालवे काढले आणि पडीक जमीन लागवडीखाली आणली. श्रीनगरात झेलमवर जैना कदल हा पूल बांधला. दरबारात फार्सी व संस्कृत ग्रंथांची परस्परांत भाषांतरे झाली. जोनराज आणि श्रीवर यांनी संस्कृतात त्यांच्या राज्याचा इतिहास लिहिला.

त्यांचा उतारवयातील काळ मात्र दुःखाचा गेला. तख्तासाठी मुलगे आपसात भांडू लागले. इ. स. १४७० मध्ये सुलतान निवर्तले आणि थोड्याच काळात राज्य खिळखिळे झाले. राजवाडे राहिले नाहीत, पण हातात गेलेला हुन्नर राहिला, कारण तो एका घरातून दुसऱ्या घरात, बापाकडून मुलाकडे पोहोचला होता.

पालकहो, आपल्या गावांतूनही शिकलेले तरुण मुंबईला किंवा आखाती देशांत जातात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. गावात कामाची कदर, सुरक्षितता आणि भाकरी असेल, तरच ते थांबतील. आणि विद्यार्थी मित्रांनो, बाहेर शिकायला जरूर जा. पण शिकलेले एक तरी कसब गावातल्या धाकट्या भावंडांना दिल्याशिवाय राहू नका. बडशाहांच्या कामातून घ्यायचा धडा तो हाच.