बड्या घरचा कर्जबाजारी पोरगा झाला इटलीचा पंतप्रधान. कियांती वाईनचं गणितही त्यानंच बसवलं

सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात वाईनसाठी सांजोव्हेसे नावाचं द्राक्ष लावलं जातं. हे वाण मूळचं इटलीचं. तिकडे तोस्काना प्रांतात फ्लोरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधल्या डोंगराळ, दगडगोट्यांच्या भागाला कियांती म्हणतात. तिथल्या लाल, गोडवा नसलेल्या वाईनचं नावही तेच. तिच्यात कोणतं द्राक्ष कशासाठी घालायचं, हे ठरवलं बेत्तिनो रिकासोली यांनी.

जन्म ९ मार्च १८०९, फ्लोरेन्सचा. घराणं मोठं, ब्रोलियोचा किल्ला ११४१ पासून त्यांच्याकडे. पण नाव मोठं आणि डोक्यावर कर्ज! आईवडील लवकर गेले. विशीतच धाकट्या भावंडांची आणि जमिनीची जबाबदारी अंगावर पडली. शहर सोडून ते बायकोला घेऊन ब्रोलियोला राहायला गेले. एका नाचाच्या कार्यक्रमात कुणीतरी पत्नीकडे जास्तच लक्ष दिलं, म्हणून त्याच रात्री बग्गी किल्ल्याकडे वळवली, अशी गोष्ट तिकडे सांगतात. खरंखोटं कोण जाणे.

जमीन कसायची कुळं, निम्म्या वाट्यानं. अर्धं पीक मालकाला, अर्धं कुळाला. आपल्याकडच्या अर्धेलीसारखंच. रिकासोलींची शिस्त कडक. कुळांनी कसं वागावं, प्रार्थना कशी करावी, यातही ते लक्ष घालत. सगळ्यांना हे रुचत असेल असं नाही.

वाईनच्या बाबतीत मात्र माणूस चिकाटीचा. १८५१ मध्ये फ्रान्सला जाऊन तिथली पद्धत पाहिली. वर्षानुवर्षं वेगवेगळी द्राक्षं एकत्र करून पाहिली. १८७२ मध्ये पिसा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना पत्र लिहून निष्कर्ष कळवला. मुख्य द्राक्ष सांजोव्हेसे, वास आणि जोर त्याचा. सोबत कानायोलो, म्हणजे सांजोव्हेसेचा कडकपणा मऊ होतो. तिसरं माल्वाझिया, पांढरं द्राक्ष. त्यानं वाईन हलकी होते, लगेच पिता येते. पण वाईन मुरवायची असेल तर माल्वाझिया नको, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं.

मधल्या काळात राजकारणही जोरात. १८५९ मध्ये तोस्कानाचा राजा पळाला, तेव्हा सरकारची सूत्रं त्यांच्याकडे आली आणि पुढच्याच वर्षी मतदान घेऊन त्यांनी प्रांत नव्या इटलीत सामील केला. १८६१ मध्ये काव्हूर वारल्यावर ते पंतप्रधान झाले, १८६६ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा वर्षभरही टिकले नाहीत. राजाशीही फारसं पटलं नाही. लोक त्यांना लोखंडी जहागीरदार म्हणत. २३ ऑक्टोबर १८८० रोजी ब्रोलियोतच त्यांचं निधन झालं.

खरा घोळ पुढे झाला. १९६७ च्या सरकारी नियमानं कियांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची केली. पत्रातली मुरवायच्या वाईनची अट बाजूलाच राहिली. माल्वाझियाबरोबर भरघोस पिकणारं त्रेब्बियानोही चाललं. माल वाढला, वाईन पातळ झाली, नाव खराब झालं. चांगले शेतकरी नियम सोडून, कियांतीचं नाव न लावता वाईन विकू लागले. शेवटी मूळ पट्ट्यात, म्हणजे कियांती क्लासिकोत, १९९६ मध्ये सक्ती उठली आणि २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षावर बंदीच आली.

ब्रोलियोच्या बागा आजही रिकासोली घराण्याकडेच आहेत.