लहान मेंदूचा चित्रकार

शरीराचा तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळणाऱ्या लहान मेंदूची आकृती पाहिली, की मला सांतियागो रामोन ई काहाल आठवतात. १८५२ साली स्पेनमधील एका खेड्यात जन्मलेल्या काहालांना चित्रकार व्हायचे होते; पण शरीरशास्त्र शिकविणाऱ्या वडिलांनी त्यांना वैद्यकाकडे वळविले. पेन्सिल मात्र सुटली नाही. १८८८ साली पक्ष्यांच्या लहान मेंदूचे पातळ छेद गॉल्जींच्या पद्धतीने रंगवून, रेखाटून त्यांनी दाखवून दिले, की मज्जापेशींचे सलग जाळे नसून प्रत्येक पेशी स्वतंत्र असते. खुद्द गॉल्जींना हे अमान्य होते. तरी १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. १९३४ साली काहाल निवर्तले. वडिलांनी नाकारलेली कलाच शास्त्राच्या कामी आली, याचे मला फार अप्रूप वाटते.