मातोश्री रमाबाई आंबेडकर यांचे बालपण व विवाह

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ठाऊक नाही असे गाव आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात विरळाच. त्यांच्या सहधर्मचारिणीविषयी मात्र आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही, म्हणून हा अल्प परिचय सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी कोकणात दापोलीनजीक वणंद गावी झाला. माहेरी त्यांस रामी म्हणत. वडील भिकू धुत्रे हे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहून संसार चालवीत. आई रुक्मिणीबाई अकाली निवर्तल्या, पाठोपाठ वडिलांचेही छत्र हरपले. पोरक्या भावंडांना काका व मामा यांनी मुंबईस आणले, आणि भायखळ्याच्या बाजाराजवळ ती लहानाची मोठी होऊ लागली.

सुभेदार रामजी सकपाळ आपल्या भीमरावासाठी वधू शोधीत होते. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. सुभेदारांनी रामीस पसंत केले आणि १९०६ च्या सुमारास विवाह ठरला. वधू अवघी नऊ वर्षांची! मंडप घालण्यास ना जागा, ना पैसा. तेव्हा भायखळ्याचा मासळीबाजार रात्री उठल्यावर तेथेच कार्य करावयाचे ठरले. एका कोपऱ्यात वराकडील मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडील. मासळी मांडावयाचे दगडी ओटे हीच बैठक, आणि पायांखालून गटाराचे पाणी वाहत असलेले. पहाटे कोळिणी टोपल्या घेऊन येण्यापूर्वी सारे आटोपले. आम्ही पुजाऱ्याच्या घरचे. वडिलांच्या मागून कितीतरी लग्नांस गेलो आहो. अक्षता कमी पडल्या म्हणून रुसलेले व्याहीही पाहिले आहेत. त्या रात्री रुसावयास कोणास सवड नव्हती.

पुढील संसार कष्टाचा झाला. पती अमेरिकेत व विलायतेत शिकत असता रमाबाईंनी शेण्या थापून घर चालविले. पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. यशवंतराव तेवढे राहिले.

रमाबाई मोठ्या भाविक. पंढरीस जाऊन विठ्ठलाचे दर्शन घ्यावे ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. परंतु अस्पृश्य मानलेल्यांनी महाद्वारापाशी, चोखोबांच्या समाधीपाशीच थांबावे, असा तेव्हा दंडक होता. जी पंढरी भक्ताला देवापासून दूर ठेवते ती आपल्यास काय करावयाची, आपण दुसरीच पंढरी उभारू, अशी पतीने त्यांची समजूत घातली. आषाढीस आपल्याकडून पंढरीस निघणाऱ्यांना दर्शनाच्या रांगेत कोणी जात पुसत नाही. त्या माउलीस रांगेतच उभे राहता आले नाही. ज्या गाभाऱ्याची किल्ली आमच्या वडिलांच्या कमरेस असते, त्याच्या उंबऱ्यापाशी हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो.

२७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाबाईंनी देह ठेवला. पंढरपूरच्या मंदिराचे दरवाजे सर्वांस उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली.