थॉमस योहान सीबेक : तापमानाच्या दोन टोकांचा शोध

थॉमस योहान सीबेक यांचा जन्म ९ एप्रिल १७७० रोजी बाल्टिक किनाऱ्यावरील रेव्हाल, म्हणजे आजच्या टॅलिन, येथे झाला. वैद्यकाची पदवी घेऊनही त्यांनी आयुष्य वाहिले ते पदार्थविज्ञानाला. १८२१ साली त्यांनी तांबे व बिस्मथ यांची टोके जोडून बंद वलय केले. एक सांधा तापवताच जवळची होकायंत्राची सुई हलली. सीबेक यांनी याचे कारण उष्णतेतून उपजलेले चुंबकत्व मानले. वलयात विद्युतप्रवाह वाहतो, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी ओळखले. सीबेक यांचा निष्कर्ष चुकला; निरीक्षण मात्र टिकले.

त्याच निरीक्षणावर भट्टीचे तापमान मोजणारे थर्मोकपल उभे आहे. मात्र ते दाखविते केवळ दोन सांध्यांच्या तापमानांतील फरक. के प्रकारच्या थर्मोकपलचा एक सांधा ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत असला आणि मापकाकडील टोक ३० अंशांवर असूनही शून्य धरले, तर मापक सुमारे ४७२ दाखवील. म्हणून पूर्वी दुसरा सांधा वितळत्या बर्फात ठेवीत. आता त्या टोकाचे तापमान वेगळे मोजून तेवढा विद्युतदाब मिळवितात. यालाच संदर्भ सांध्याची भरपाई म्हणतात.

सीबेक यांचे १० डिसेंबर १८३१ रोजी बर्लिन येथे निधन झाले. कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : आकडा वाचण्यापूर्वी तो कोठून मोजला आहे, हे विचारावे. माणसाची वाटचाल जोखतानाही आम्ही हाच प्रश्न आधी विचारतो.