विश्लेषण : ऑलिम्पिकला पहिला भारतीय संघ कसा गेला? दोराबजी टाटा आणि त्यांचे नागपूर

टोकियोत ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक जिंकले. ऑलिम्पिक अ‍ॅथलेटिक्समधले भारताचे ते पहिले सुवर्ण. भारताचा पहिला संघ ऑलिम्पिकला गेला त्याला तेव्हा १०१ वर्षे झाली होती. १९२० मध्ये बेल्जियममधील अँटवर्पला गेलेल्या त्या संघात जेमतेम सहा खेळाडू होते, चार धावपटू आणि दोन पैलवान. तो संघ उभा करणारे गृहस्थ एकेकाळी नागपूरच्या कापड गिरणीत धंदा शिकत होते. पुढे याच शहरातल्या ‘अजब बंगल्या’त भिंतीवरच्या एका नकाशाने त्यांचे आयुष्यही बदलले. सर दोराबजी टाटा यांची ही गोष्ट.

दोराबजी नागपूरला कसे आले?

जमशेटजी टाटांचे हे थोरले चिरंजीव. जन्म मुंबईत, २७ ऑगस्ट १८५९ रोजी. वडिलांनी त्यांना तरुणपणीच इंग्लंडला पाठवले. केंब्रिजच्या कीज महाविद्यालयात ते दोन वर्षे होते. क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये तिथे त्यांनी नाव कमावले, पण पदवी मात्र मुंबईच्या सेंट झेवियर्समधून घेतली, १८८२ मध्ये. मग दोन वर्षे ‘बॉम्बे गॅझेट’ या वृत्तपत्रात पत्रकारिता. गिरणीमालकाच्या मुलाने बातमीदारीत दोन वर्षे घालवावीत हे आजही नवलाचे वाटेल.

१८८४ मध्ये ते वडिलांच्या व्यवसायात आले. आधी पुदुच्चेरीला कापड धंद्याची शक्यता तपासायला गेले आणि तिथून नागपूरला. जमशेटजींनी नागपूर निवडले होते ते साधा हिशेब करून. कापूस वऱ्हाडात, कोळसा हाकेच्या अंतरावर आणि बाजारपेठही जवळ. मग गिरणी मुंबईतच का काढायची? १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने हा हिशेब खरा करून दाखवला. कामगारांसाठी निवृत्तिवेतनासारख्या योजनाही या गिरणीने फार लवकर सुरू केल्या. दोराबजी सूत-कापडाचा धंदा शिकले ते याच आवारात.

अजब बंगल्यात काय घडले?

नागपूरकरांना मध्यवर्ती संग्रहालय म्हटले तर क्षणभर थांबावे लागते, पण अजब बंगला म्हटले की रिक्षावालाही नेऊन सोडतो. १८६३ मध्ये उभ्या राहिलेल्या या वास्तूचा भारताच्या पोलाद उद्योगाशी थेट संबंध आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमशेटजींना पोलादाचा कारखाना काढायचा होता. चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडच्या, लोहखनिजाविषयी एक अहवाल त्यांनी वाचला होता. शोध घेण्यासाठी अमेरिकेहून सी. एम. वेल्ड हे भूगर्भतज्ज्ञ आले. त्यांच्यासोबत रानोमाळ फिरायला दोराबजी होते आणि त्यांचे आतेभाऊ शापूरजी सकलातवाला. (हेच शापूरजी पुढे ब्रिटनच्या संसदेत कम्युनिस्ट खासदार झाले, पण ती वेगळी कथा.) लोहाऱ्याचे खनिज उत्तम निघाले, मात्र मोठ्या कारखान्याला पुरेल एवढा साठा नव्हता. जवळचा कोळसाही पोलादाच्या भट्टीला चालणारा नव्हता. वेल्ड परत जायच्या बेतात आले.

शोध थांबवत असल्याचे सरकारला कळवायला दोराबजी नागपूरला मुख्य आयुक्तांच्या कार्यालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वाट पाहण्यात वेळ काढायचा म्हणून ते जवळच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भ नकाशा लावलेला होता. दुर्ग जिल्ह्याच्या भागात लोहखनिज दाखवणारे गडद ठिपके त्यांना दिसले. त्यांनी नकाशा वेल्ड यांना दाखवला आणि गुंडाळायला घेतलेली मोहीम पुन्हा निघाली. धल्ली-राजहराच्या टेकड्यांवर लोखंड इतके होते की पायाखाली खडक वाजावा.

तरीही कारखाना तिथे झाला नाही. योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी, दोन्ही एकत्र मिळेनात. दुर्गचे खनिज ज्यांनी आधी पाहिले होते त्याच भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १९०४ मध्ये मयूरभंज संस्थानातील साठ्यांची माहिती कळवली आणि शोध पूर्वेकडे वळला. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात गेले. १९०७ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १९१२ मध्ये साकचीच्या कारखान्यातून पोलाद बाहेर पडले. ते गावच पुढे जमशेदपूर झाले. नकाशातले ते गडद ठिपकेही वाया गेले नाहीत. स्वातंत्र्यानंतर भिलाईचा सरकारी कारखाना उभा राहिला तो राजहराच्या खनिजावर.

मग ऑलिम्पिक कुठून आले?

पुण्याहून. डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये स्थापन झाला आणि दोराबजी त्याचे अध्यक्ष होते. १९१९ मध्ये जिमखान्याच्या वार्षिक क्रीडा स्पर्धा पाहताना धावणाऱ्या मुलांनी त्यांचे लक्ष वेधून घेतले. बहुतेक जण शेतकरी घरातले. बूट नाही, प्रशिक्षक नाही, खडबडीत रस्त्यावर अनवाणी धावत होते. पण लांब पल्ल्याच्या शर्यतींतल्या त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नव्हत्या. केंब्रिजची मैदाने पाहिलेल्या माणसालाच हे चटकन कळण्यासारखे होते.

स्पर्धेला मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड आले होते. भारताने १९२० च्या ऑलिम्पिकला संघ पाठवावा ही कल्पना दोराबजींनी त्यांच्यापुढे मांडली. लॉइड यांनी ब्रिटनमध्ये शब्द टाकला आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची परवानगी मिळाली. याआधी १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कलकत्त्याच्या नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदके मिळवली होती, पण तो एकटा गेला होता. संघ म्हणून निवड होऊन जाण्याची ही पहिलीच वेळ. देश गुलामीत होता, ब्रिटनचा संघ वेगळा होता आणि भारत मात्र भारत म्हणून उतरणार होता. दोराबजी राजकीय चळवळीतले नव्हते, सरकारने त्यांना १९१० मध्ये ‘सर’ केले होते. तरी या निर्णयाचे वजन त्यांना ठाऊक नसेल असे वाटत नाही.

तयारी किती कच्ची होती याचा एक किस्सा सांगितला जातो. पात्रतेच्या वेळा ठरवताना समितीतल्या एका मान्यवराने शंभर यार्डांच्या शर्यतीसाठी एक-दोन मिनिटे पुरेशी आहेत असे सुचवले. हिशेब सेकंदांत आणि त्याच्याही अंशांत होतो हे ऐकून ते थक्क झाले!

अँटवर्पला कोण गेले, काय झाले?

पुण्यातील चाचण्यांतून संघ निवडला गेला. बेळगावचा फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचा पूर्मा बॅनर्जी हे धावपटू. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे पैलवान. पहिल्या संघात मराठी मुलुखाचा वाटा किती होता ते नावांवरूनच दिसते. खर्चाला सरकारने काही हातभार लावला, मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला. संघ जूनमध्ये मुंबईहून बोटीने निघाला आणि अँटवर्पपूर्वी काही आठवडे इंग्लंडमध्ये सराव केला. आयुष्यभर मातीवर धावलेल्या पायांना तिथे नवे मैदान, नवी हवा, नवे अन्न, सगळ्याचीच सवय करायची होती.

त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती, ४२ किलोमीटर ७५० मीटर. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन जिंकला. चौगुले १९ वा आला, वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. वर्षभरापूर्वी ज्याच्या देशाला या स्पर्धेत प्रवेशही नव्हता, त्याच्यासाठी हे लहान यश म्हणता येणार नाही. बॅनर्जी पहिल्याच फेरीत बाद झाला. रणधीर शिंदे कुस्तीत चौथा आला. पदक थोडक्यात हुकले आणि म्हणूनच बहुधा हे नाव आज कुणाच्या लक्षात नाही.

पुढे काय झाले?

दोराबजी १९२० पासून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी दिल्लीत अखिल भारतीय पातळीवर निवड झाली आणि त्या पथकालाही त्यांनी पैसे दिले. ते वर्ष त्यांच्यासाठी फार कठीण होते. युद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले होते आणि जमशेदपूरच्या कारखान्याकडे कामगारांचे पगार द्यायलाही रोकड उरली नव्हती. दोराबजींनी वैयक्तिक मालमत्ता बँकेकडे तारण ठेवली. त्यात पत्नी मेहेरबाईंचा ‘ज्युबिली’ हा प्रसिद्ध हिराही होता. कारखाना तगला.

मेहेरबाई स्वतः उत्तम टेनिस खेळत, तेही साडी नेसून. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीसाठी त्यांचे नाव होते.

१९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. वर्षभरात ही जबाबदारी पतियाळाच्या महाराजांकडे गेली. त्याच १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भारताने हॉकीत सुवर्ण जिंकले. त्यानंतर देशाचे लक्ष हॉकीवर गेले आणि पुण्याच्या मैदानावर दिसलेले अनवाणी धावपटू मागे पडले.

१९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोघांना मूल नव्हते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये दोराबजींनी जवळपास सगळी संपत्ती विश्वस्त निधीला दिली. पत्नीच्या समाधीला भेट द्यायला ते इंग्लंडला निघाले, पण वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे ३ जून १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत दोघांच्या समाध्या शेजारी आहेत. नागपूरची एम्प्रेस मिल बंद पडली असून तिच्या आवारात आता मॉल उभा आहे. अजब बंगला मात्र सिव्हिल लाइन्समध्ये अजून आहे.