दिव्यासोबतची वही

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी परिचारिका आठवते. तिच्या वहीबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. नांदेड-लातूरकडच्या खेड्यांतल्या बायकांबरोबर दवाखान्याच्या कागदांसाठी हिंडताना मला ती वहीच जास्त आठवते.

१२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एका सधन इंग्रज घरात ती जन्मली. आईचा विरोध असतानाही हट्टानं गणित शिकली, लग्न नाकारलं आणि रुग्णसेवेत शिरली. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ३८ परिचारिकांना घेऊन ती तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. तिथे घाण, तुंबलेली गटारं आणि नोंदींचा तर सगळा सावळा गोंधळ! मेलेल्यांचा एका वहीतला आकडा दुसरीशी जुळेना.

मायदेशी परतल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञाच्या मदतीनं तिनं हिशेब मांडला. जखमांपेक्षा पटकी, हगवण, विषमज्वर अशा टाळता येण्यासारख्या रोगांनीच कितीतरी जास्त सैनिक गेले होते. १८५८ मध्ये तिनं हे रंगीत आकृत्यांतून सरकारपुढे ठेवलं. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य झाली. १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत तिनं सुचवलं की, सगळ्या रुग्णालयांनी आजारांच्या एकाच यादीप्रमाणे, एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात. परिषदेनं ते उचलून धरलं, पण तक्ते किचकट वाटले आणि मागे पडले.

भारतात ती कधीच आली नाही. तरी इथल्या छावण्यांकडून छापील प्रश्नांची उत्तरं मागवली गेली, ती तिनं तपासली. १८६३ च्या अहवालानुसार इथले इंग्रज सैनिक वर्षाला हजारी ६९ मरत होते. पाणी आणि गटारं सुधारा, असा धोशा तिनं पुढे कितीतरी वर्षं लावला. १३ ऑगस्ट १९१० रोजी ती गेली.

एकाच यादीची कल्पना मात्र टिकली. १८९३ मध्ये बर्टिलाँ यांची मृत्यूच्या कारणांची यादी आली. १९४८ पासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. प्रत्येक आजाराला एक संकेतांक असतो. दहाव्या आवृत्तीत बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचा आहे ‘ओ ७२’.

आता सरकारी दवाखान्यातही संगणक आलाय. पण बाळंतिणीच्या कागदावर नुसतं हृदय बंद पडलं एवढंच लिहिलं, तर संगणक तरी काय करणार? मरताना हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. रक्तस्रावाची नोंदच नसेल, तर तालुक्याला रक्ताची पिशवी होती का, हे कुणी विचारणारच नाही. पुढच्या बाईचाही जीव त्यातच अडकतो.

म्हणून मैत्रिणींनो, घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर आजाराचं नाव काय लिहिलंय ते वाचा. कळलं नाही तर डॉक्टरांना विचारा, त्यात संकोच कसला? मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत दवाखान्यानं जवळच्या नातेवाइकाला द्यायची, असा कायदा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालाय. दुःखात हे सुचत नाही, खरंय. अशा वेळी शेजारणीनं तो कागद आठवणीनं मागून घ्यावा.